गोळीबंद पाक

अगं, तू नुसतं ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझा धागा सुटेल.

तर ही वहिनी. शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि घरी आली की ओव्हन. एकीकडे वह्या तपासतेय, एकीकडे ब्रेड फुगतोय, असं. आणि तिची धाकटी नणंद. घरात अजून छकुलीच म्हणतात, पण बाहेर मोठी आहारतज्ज्ञ! वहिनीने केक कापायला घेतला की हिची टकळी सुरू. "वहिनी, तुझ्या ओव्हनमधून केक नाही गं, आजार बाहेर पडतात." तेही पाहुण्यांसमोर! वहिनी आपली हसून पुढचा तुकडा कापायची.

मग वहिनी पळायला लागली. लांबचं. छकुलीच्याच ग्रुपमध्ये. आता तेवढं पळायचं तर वाटेत पोटाला काहीतरी लागतंच ना? म्हणून तिने ओट्स, खजूर, दाणे घेऊन वड्या भाजल्या. पाक असा बेताचा, की खिशात चुरा होणार नाही आणि दाताला मऊ लागेल. जमेपर्यंत कितीतरी ट्रे फुकट गेले. नवरा म्हणायचा, "बिघडलेल्या खाऊन खाऊन आता मलाच पळावं लागणार." शेवटी जमल्या. छकुलीने एक खाल्ली, दुसरी खाल्ली, बोटं चाटली आणि म्हणाली काय? "ठीक आहेत."

आणि पुढच्याच रविवारी सगळ्या ग्रुपसमोर डबा उघडून, "ही माझी वडी! माझा स्वतःचा फॉर्म्युला!" वहिनी तिथेच, बुटाची नाडी बांधत! कोणीतरी विचारलं, "मॅडम, भाजता कधी?" तर म्हणते, "भाजायला काय, वहिनी आहे ना हाताखाली."

हाताखाली! वहिनीने नाडीला अशी गाठ मारली की घरी जाऊन कात्रीने कापावी लागली.

सासूबाई म्हणाल्या, "घरातल्या घरात कसलं माझं-तुझं?" नवरा म्हणाला, "तिला सवयच आहे, सोडून दे." वहिनीने सोडलं नाही. पोटात ठेवलं आणि वाट बघत बसली.

मोठ्या शर्यतीच्या आदल्या दिवशी छकुलीचा फोन. "वहिनी, ग्रुपच्या वड्या कर, आणि माझा डबा वेगळा काढ हं. यंदा पहिल्या तिघींत यायचंय मला."

ग्रुपच्या वड्या वहिनीने जीव ओतून केल्या, त्या बिचाऱ्यांचा काय दोष? मग छकुलीचा पाक चढवला. गॅस बंद करायची वेळ आली, आणि केला नाही. ढवळत राहिली. वाटीतल्या पाण्यात थेंब टाकला, तो टण्णकन वाजला. गोळीबंद! ट्रे भाजून निघाला तसा गरम असतानाच वड्या कापल्या. दिसायला अगदी बहिणी-बहिणी.

पहाटे ही थंडी! छकुली सुसाट पुढे, वहिनी मागून आपल्या चालीने. अर्ध्या वाटेत छकुलीने वडी काढली, चावली. दात लागेना! गालात धरली, विरघळेना. दुसरी काढली, तीही दगड. वाटेत टेबलावर केळी मांडलेली, फुकट. पण हिनेच वर्षभर ग्रुपकडून घोकून घेतलेलं, "शर्यतीच्या दिवशी नवीन काही पोटात घालायचं नाही!" आणि केळी वाटायला उभी ग्रुपचीच माणसं. गेली मान ताठ करून पुढे. पुढे चढ लागला आणि पायातला जीवच गेला.

वहिनीने तिला पाण्याच्या टेबलापाशी गाठलं. पांढरीफटक, कठडा धरून उभी.

"वहिनी, आहे का गं तुझ्याकडे?"

"काय?"

"वडी."

"कोणाची?"

छकुलीने टेबलाकडे बघितलं. इथेही ग्रुपचेच चेहरे. हळूच म्हणाली, "तुझी."

"मला आलं ऐकू. त्यांना नाही आलं."

"वहिनी, प्लीज ना..."

वहिनीने नुसती टेबलाकडे मान वळवली. आणि मग छकुली रडत ओरडली, "वडी वहिनीची आहे! मी नाही केली! सगळं तिचंच आहे!"

पाण्याचे पेले धरलेले हात तिथल्या तिथे थांबले.

वहिनीने खिशातून वडी काढली. मऊ. कागद सोडला. छकुलीने हात पुढे केला, आणि वहिनीने वडी स्वतःच्या तोंडात घातली! सावकाश चावली, अख्खी संपवली, तिच्या डोळ्यांत बघत. रिकामा कागद तिच्या पुढे केलेल्या हातावर ठेवला.

"केळी मागे राहिली, छकुली," म्हणाली आणि पळत सुटली.

छकुली चालत आली, सगळ्यांच्या शेवटी. तेव्हापासून सासूबाई तोंड फुगवून बसल्यात, "अर्धी तरी द्यायचीस गं!" नवराही म्हणतो, "कबूल केलं होतं ना तिने?"

वहिनी कणीक मळता मळता म्हणाली, "केलं ना. म्हणून तर इतकी गोड लागली."

आता खरं सांग हं, सासूबाईंसारखं नको. तुझ्या खिशात ती वडी असती आणि समोर तो हात, तर तू काय केलं असतंस?