फ्लेक्सवरचं हसू

बोनकोड्याच्या नाक्यावर फ्लेक्स चढला तेव्हा उन्नती खाली उभी राहून बघत होती. नगरसेवकाच्या निवडणुकीला अपक्ष म्हणून उभी राहिलेली ती घराण्यातली पहिलीच. साडी तिची होती, टिकली तिची होती, हसू मात्र परकं होतं. पुढच्या दोन दातांमधली फट डिझाइनवाल्याने बुजवून टाकली होती.

"मीच सांगितलं त्याला," नवरा रूपेश खुशीत म्हणाला. "हिरोईन वाटतेस!"

शाळेत या फटीवरून पोरं उन्नतीला 'फटफटी' म्हणायची. कुणीतरी मागच्या बाकावरून तोंडाने गाडी सुरू करायचा आणि अख्खा वर्ग खिदळायचा. तेव्हापासून हसू आलं की हात आपोआप तोंडावर जायचा. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा ती ओठ मिटूनच बसली होती.

तेवढ्यात सासू सखूबाई बाजारातून आल्या. मान वर करून म्हणाल्या, "ही कोन रं रूपेश? उभी तं आपली उन्नती रायलीय ना?"

रूपेश हसला. उन्नतीला सासूचं बोलणं लागलं. दारोदार फिरून माझ्यावर विश्वास ठेवा म्हणायचं, आणि तोंडच खोटं?

"उतरव तो," ती म्हणाली.

"अगं, आता? लोक परत फटफटी म्हणतील."

"म्हणू देत. बघतेच मी."

दुसऱ्या दिवशी फटीसकट नवा फ्लेक्स लागला, आणि संध्याकाळच्या चौकसभेत व्हायचं तेच झालं. ती माइकशी गेली तशी विरोधी उमेदवाराच्या गटातल्या दोघांनी तोंडाने गाडी सुरू केली. लोक हसले. तिचा हात उचलला गेला, अर्ध्यावर आला. तिने तो खाली घेतला आणि माइक घट्ट धरला. त्या दोघांचा दम संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

"झालं? आता तुंबलेल्या गटाराचं बोलू या का?"

मागे बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

ती निवडून आली नाही, दुसऱ्या क्रमांकावर राहिली. रूपेश दोन दिवस जेवला नाही धड. उन्नती मात्र निकालाच्या दुसऱ्याच सकाळी पाच-सहा जणींना घेऊन महापालिकेच्या विभाग कार्यालयात पोहोचली.

तिथले साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही तर पडलात ना?"

"पडले. म्हणून घाण पाणी दारात यायचं थांबलंय का?" तिने खुर्ची ओढली. बाकीच्या जणीही बसल्या.

दुपारनंतर सफाईची गाडी आली.