डाव्या बाजूची झांज

जोतीरामांनी हेडफोन काढला, उलटा फिरवला आणि पुन्हा डोक्यावर चढवला. आता डावा तुकडा उजव्या कानावर आणि उजवा डाव्या कानावर होता. डोळे मिटून ते वेताच्या खुर्चीत ताठ बसले.

सुई टोचावी तशी एक बारीक झांज आता उजव्या कानात वाजत होती.

त्यांनी हेडफोन सरळ केला. झांज डाव्या कानात गेली. परत उलटा केला. झांज परत उजवीकडे आली. असं त्यांनी इतक्यांदा केलं की स्वयंपाकघरातून शालन पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

"टोपी घातल्यागत काय घालताय, काढताय मगापासनं?"

"कान बघतोय."

"दोन दिस लसणाचं त्याल घातलं की. अजून ठणका उतरला न्हाय व्हय?"

"उतरला," जोतीराम म्हणाले. "कान बरा हाय माझा."

"मग त्वांड का असं?"

शालनला उत्तराची गरज फारशी नसेच. ती आत गेली.

दोन दिवस जोतीराम आपलाच कान बिघडला असं धरून चालले होते. काही चुकलं की आधी आपल्याकडे बोट दाखवायचं, ही त्यांची जन्माची खोड. कागलच्या शाळेत ग्रंथपाल होते तेव्हा एखादं पुस्तक सापडलं नाही, तर ते आपणच कुठंतरी चुकीच्या कप्प्यात ठेवलं असणार असं समजून सगळी कपाटं उपसत. पण कान बिघडला असता तर सुई एकाच कानात टोचत राहिली असती. ती हेडफोनबरोबर या कानातून त्या कानात जात होती. म्हणजे खोट गाण्यात होती.

आणि गाणी संयोगितानं जुळवलेली होती.

संयोगिता त्यांची एकुलती मुलगी. ती डीजे होती, आणि हे मंगळवार पेठेत समजावून सांगणं अवघड होतं. गल्लीतल्या लोकांना डीजे म्हणजे मिरवणुकीतला डॉल्बी. "पोरगी डॉल्बी लावती व्हय? मग औंदा आमच्या मंडळाला लावा की," असं लोक जोतीरामांना रस्त्यात अडवून म्हणत. ती यंत्रांवर तयार केलेलं संगीत वाजवते, एका गाण्यातून दुसरं असं उगवून आणते की सांधा दिसत नाही, लोक त्यावर पहाटेपर्यंत नाचतात, हे त्यांना स्वतःलाही नीटसं सांगता येत नसे. ते नुसते हसून पुढे जात.

तिचा नवा संग्रह शुक्रवारी निघणार होता. सव्वा तासाचं सलग संगीत, नाव 'ओल'. बंगळूरची एक कंपनी तो इंटरनेटवर सोडणार होती, आणि त्याच्या पाठोपाठ दौरा. आधी गोवा, मग बंगळूर, मग थेट पोर्तुगाल आणि जर्मनी. त्याआधी आठवडाभर ती घरी आली होती. आल्या आल्या तिनं आपला मोठा हेडफोन वडिलांच्या हातात ठेवला होता.

"आबा, तुम्ही ऐका. बाकीची सगळी नुसतं 'नाद खुळा' म्हणत्यात. त्यातनं मला काय कळत न्हाय."

या विश्वासाचं जोतीरामांना ओझंच झालं. त्यातलं आपल्याला काय कळणार? पण त्यांना एकच रीत ठाऊक होती. पुस्तक जसं मुखपृष्ठापासून वाचायचं, मध्ये उठायचं नाही, पानं उलटून शेवट बघायचा नाही, तसं त्यांनी ते ऐकलं. पहिल्यांदा नुसता दणका ऐकू आला. दुसऱ्यांदा दणक्याच्या खाली काहीतरी हललं. तिसऱ्यांदा त्यांना तिथं चक्क गुऱ्हाळाचं इंजिन सापडलं, पट्ट्याच्या फटफटीसकट. पोरीनं कधीतरी गावाकडच्या गुऱ्हाळावर जाऊन ते ध्वनिमुद्रित केलं असणार. त्यांना इतका आनंद झाला की खुर्चीतून उठून कुणालातरी सांगावंसं वाटलं. आणि तेव्हापासूनच ती सुई डाव्या कानात टोचायला लागली होती.

चहा न घेताच ते पायात चपला सरकवून बाहेर पडले.

अझहरचं गोडाऊन उत्तरेश्वर पेठेत होतं. लग्नं, सभा, मिरवणुका, सगळ्यांना तो स्पीकर भाड्यानं देई. कॉलेजात असताना संयोगितानं पहिल्यांदा हात बसवला तो त्याच्याच यंत्रावर. जोतीराम गेले तेव्हा तो एका उघड्या स्पीकरपुढे मांडी घालून बसला होता.

"या काका. आज हिकडं कुठं वाट चुकला?"

"एक विचारायचं होतं. माझंच चुकत असंल."

"विचारा की."

"संयूचं ते नवीन तू ऐकलंस?"

"ऐकलं म्हणजे? पहिल्यांदा ह्या भिंतीवर वाजवलं." अझहरनं मागं रचलेल्या काळ्या खोक्यांकडे हात केला. "वरचं पत्रं हाललं. नाद खुळा काम केलंय पोरीनं."

"डाव्या बाजूला ती झांज जरा जास्त…"

"काका, आमच्या भिंतीला डावं-उजवं नसतंय. समद्या खोक्यास्नी एकच आवाज." तो हसला. "का, काय झालं?"

"काय न्हाय. मला आपलं वाटलं."

ते जायला वळले आणि थांबले. दाराशेजारी संयोगिताचा एक फोटो चिकटवलेला होता. गोव्याचा असावा. दोन्ही हात यंत्रावर, मान वाकडी, डावा खांदा वर उचललेला आणि खांदा नि कान यांच्यामध्ये हेडफोन दाबून धरलेला. असे तिचे फोटो त्यांनी पुष्कळ पाहिले होते. ऐटीसाठी तशी उभी राहते, असं त्यांना वाटायचं.

"ही मान अशी का?"

"पुढचं गाणं आधी एका कानात ऐकायला लागतंय. बाहेर एवढा दणका, म्हणजे आतला आवाज त्याच्यापेक्षा मोठा पायजे. त्याशिवाय जुळवायचं कसं?"

"आणि नेहमी ह्याच कानाला?"

"सवय असती ज्याची त्याची. संयूचा डावाच." अझहर पुन्हा स्पीकरमध्ये डोकं घालत म्हणाला, "पहिल्यापासनं."

परत येताना जोतीरामांना एकेक गोष्ट आठवू लागली, आणि आठवली की वाटे, हे आपणच जुळवतोय. काल शालननं डावीकडून दोनदा भाकरी विचारली तेव्हा पोरगी बघतही नव्हती. "फोनात डोकं असतंय हिचं," शालन म्हणाली होती. फोन मात्र ती उजव्या कानाला लावायची. सिनेमाला गेले होते तेव्हा हट्टानं डाव्या टोकाच्या खुर्चीत बसली होती. यात काय आहे? कुणीही बसेल.

सांगावं आणि आपलं चुकलेलं असावं, तर दौऱ्याच्या तोंडावर पोरीच्या मनात नसता किडा सोडल्यासारखं होईल. सांगू नये आणि आपलं बरोबर असावं, तर शुक्रवारी ते वाकडं काम जगापुढं जाईल. तेही एक वेळ चालेल. पण त्यानंतर रोज एका नव्या गावात, त्या दणक्यात, ती तोच खांदा वर उचलून त्याच कानावर आवाज दाबणार. ऐकण्यातलं जे काही उरलं असेल तेही जाईल.

संध्याकाळी ती पायरीवर बसून केस विंचरत होती. जोतीराम शेजारी जाऊन बसले. आधी डावीकडे बसले, मग उठून उजवीकडे गेले.

"कसं वाटलं, सांगितलं न्हाय अजून," ती म्हणाली.

"ऐकतोय अजून."

"सव्वा तासाचं हाय, आबा. चार दिवस झालं ऐकताय."

त्यांनी घसा खाकरला. सगळं तोंडापर्यंत आलं होतं.

"संयू, माझ्या कानाला जरा बरं न्हाय. उद्या दवाखान्यात येतीस माझ्याबरोबर?"

आतून शालनचा आवाज आला. "दुपारीच बरा हाय म्हणलासा की."

"वरनं बरा हाय," जोतीराम म्हणाले. "आतनं न्हाय."

"घरात एक माणूस धड सांगंल तर शप्पथ."

दुसऱ्या दिवशी राजारामपुरीतल्या दवाखान्यात कानाची तपासणी करणारी मुलगी मुबशिरा नावाची होती. तिनं जोतीरामांना काचेच्या खिडकीच्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला आणि सांगितलं, "काका, बारीक आवाज येतील. आवाज आला की बोट वर करायचं. न्हाय आला तर न्हाय करायचं."

सोपं काम होतं, पण जोतीरामांना ते जमेना. आवाज खरंच आला की आपल्याला भास झाला, हे ठरवण्यात त्यांचा वेळ जाई. एकदा त्यांनी बराच विचार करून बोट वर केलं तेव्हा हेडफोनमधून मुबशिराच बोलली, "काका, मी अजून वाजवलंच न्हाय." खिडकीपलीकडे बाकावर बसलेली संयोगिता हसताना त्यांना दिसली.

बाहेर आल्यावर मुबशिरा म्हणाली, "दोन्ही कान चांगलं हायत. वयाच्या मानानं तर लईच चांगलं. डावा-उजवा अगदी सारखा."

ती दुसऱ्या पेशंटला बोलवायला गेली. बाकावर दोघंच उरली. जोतीरामांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला.

"आबा, तुम्हाला काय झालेलंच न्हाय."

"न्हाय."

"मग आलो कशाला?"

"मी ऐकलं तुझं ते," ते चष्म्याकडे बघत म्हणाले. "नीट ऐकलं. ते गुऱ्हाळाचं इंजिन लई छान आलंय. कुणाला कळायचं न्हाय, पण आलंय. आणि शेवटाला सगळं हळूहळू काढून घेतीस, नुसता श्वास राहतोय, तेही…"

"आबा."

"हेडफोन उलटा करूनपण ऐकलं."

संयोगिताच्या हातात फोन होता, त्याचा उजेड आपोआप मावळला. समोरच्या भिंतीवर कानाचं मोठं चित्र लावलेलं होतं, आतल्या शंखासकट. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"कुठल्या बाजूला जास्त हाय?" तिनं विचारलं.

"डाव्या. झांज." ते घाईनं म्हणाले, "माझं चुकत असंल."

"न्हाय चुकत."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घातला.

"आत शिट्टी वाजती," ती म्हणाली. "कुकरची लांबून येती तशी. लई महिने झालं. आधी वाजवून आलं की वाजायची, झोपलं की जायची. आता जात न्हाय. डावीकडं वाढवत गेलो मी. मला सारखंच ऐकू येत होतं."

"कुणाला बोलली न्हाईस?"

"कुणाला बोलणार? डीजेला कमी ऐकू येतंय, हे कुणाला सांगायचं?"

जोतीरामांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच, आपण दवाखान्यात आहोत हे आठवून, काढून घेतला.

संयोगितानं फोन उघडला. बराच वेळ काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग फोन त्यांच्या हातात दिला.

"बंगळूरला कळवलंय. शुक्रवारी न्हाय सोडायचं म्हणून."

"आणि गोवा? बाकीचं?"

"ते आत जाऊन आल्यावर."

मुबशिरा आली तेव्हा संयोगिता उठून उभी राहिली. "ताई, माझंपण बघा."

जोतीराम मुबशिराच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसले. काचेपलीकडे लेक हेडफोन घालून बसली होती. नेहमीसारखी मान वाकडी न करता, शाळेतल्या मुलीसारखी सरळ. आधी उजवा कान. मुबशिरा बटण दाबी आणि पलीकडे बोट लगेच वर जाई, कधी कधी बटण सुटायच्या आत. किती बारीक ऐकू येतं पोरीला, त्यांना वाटलं. आपल्यापेक्षाही बारीक.

"आता डावा," मुबशिरा तिच्या माइकमध्ये म्हणाली.

तिनं बटण दाबलं. काचेपलीकडचं बोट वर गेलं. पुन्हा दाबलं. बोट गेलं, जरा रेंगाळून. मग मुबशिरानं एक खटका फिरवला आणि बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही. तिनं आवाज थोडा वाढवला, पुन्हा दाबलं.

संयोगिताचे दोन्ही हात मांडीवर होते. तिला कळलं असावं की काहीतरी वाजून गेलं. तिनं मुबशिराकडे पाहिलं नाही, वडिलांकडे पाहिलं. लहानपणी पाढे म्हणताना अडली की पाही, तसं.

मुबशिराचं बोट बटणावर टेकलेलं जोतीरामांना इथून स्वच्छ दिसत होतं. त्यांच्या उजव्या हाताचं बोट आपोआप गुडघ्यावरून उचललं जाऊ लागलं. त्यांनी ते डाव्या हातानं धरलं आणि गुडघ्यावर दाबून ठेवलं.

लेकीनं ते पाहिलं. क्षणभर तिचे ओठ हलले, हसण्यासारखे. मग तिनं काचेकडून तोंड फिरवलं, डोळे मिटून घेतले आणि पुढचा आवाज येण्याची वाट बघत बसून राहिली.