ठमी खाईना

"आई, पलंगाखाली डोकं घालून किती वेळ बसणार आहेस? मान धरेल तुझी."

"हळू बोल. डोळे दिसतायत तिचे."

"दिसणारच! मांजर आहे, डोळे जुन्या घरी विसरून येईल होय?"

लेक हसली. आईला, म्हणजे मावशींना, काही हसू आलं नाही. त्यांनी उकडलेल्या माशाची बशी बोटानं आणखी आत सरकवली, तसे अंधारातले ते दोन डोळे भिंतीकडे सरकले. पाण्याची वाटी सकाळी भरली होती तशीच काठोकाठ.

इस्पितळाच्या लाँड्रीत जन्म काढलेल्या या बाईला मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे मावशीच म्हणत. त्या निवृत्त झाल्या, तशी इस्पितळानं दिलेली खोली सोडावी लागली. ती खोली तळमजल्यावरची, दारात अंगण असलेली. आणि आता हे तिसऱ्या मजल्यावरचं घर, खिडकीतून खाली बघितलं तरी चक्कर यावी. ठमीला टोपलीत घालून आणताना तिनं रस्ताभर असा टाहो फोडला होता, की टॅक्सीवाला सारखा मागे वळून बघत होता. टोपलीचं झाकण उघडलं आणि जी पलंगाखाली शिरली ती शिरलीच. परवापासून पोटात अन्नाचा कण नाही.

"रुळेल गं हळूहळू. नवीन जागा आहे," लेक म्हणाली.

"तुझे बाबाही असेच भिंतीकडे तोंड करून पडले होते. आज नको, उद्या खाईन म्हणायचे."

लेक उगीचच वाटीतलं पाणी बदलून आली.

मावशींना भीती वाटत होती. काळजीबिळजी नव्हे, चक्क भीती. ठमी मूळची त्यांच्या यजमानांची. यजमान इस्पितळाच्या फाटकावर रखवालदार होते. हे एवढंसं पिल्लू कुठूनसं त्यांच्या खुर्चीखाली आलं, मांडीवर चढलं आणि पुढे त्या मांडीचं मालकच झालं. "ठमाबाई, उठा, साहेब आले," असं म्हणायचे आणि स्वतः मात्र तिची झोप मोडेल म्हणून बसल्या बसल्याच सलाम ठोकायचे. ते गेले. मग लेक कामावर गेली की मावशींना बोलायला ठमीच काय ती उरली. आता तीही गेली तर? याच्यापुढचं मावशी मनातसुद्धा पुरं करत नव्हत्या.

अखेर लेकीनं जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला आणि आईलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"ओढून बाहेर काढू नका हं, आणखी धसका घेईल," डॉक्टर म्हणाला. "मांजराला घर वासावरून कळतं. तिच्या ओळखीच्या वासाचं काहीतरी जवळ ठेवा. तिचं अंथरूण, गोधडी, काहीही. फक्त धुतलेलं नको."

लेकीनं मावशींकडे पाहिलं. मावशींनी खिडकीकडे पाहिलं.

"डॉक्टर, सगळंच धुतलंय," लेक म्हणाली. "आमची आई लाँड्रीत होती."

जुन्या घराचा मळ नव्या घरात न्यायचा नाही, हा मावशींचा बाणा. निघायच्या आधी त्यांनी पडदे धुतले, गाद्यांच्या खोळी धुतल्या, ठमीची गोधडी सोडा घालून उकळली, टोपलीसुद्धा फिनेलनं घासून उन्हात वाळवली. नवं घर कसं लख्ख होतं, साबणाशिवाय कसलाही वास नाही! अगं बाई, मी तर तिचं घरच धुऊन काढलं की, असं मावशींना वाटलं.

"काहीच राहिलं नाही? पायपुसणं, जुना टॉवेल?"

"काही नाही," मावशी घाईघाईनं म्हणाल्या.

"मग सकाळपर्यंत वाट बघा. नाहीच खाल्लं तर घेऊन या, सलाईन लावू. मांजराला उपास झेपत नाही."

सलाईन! यजमानांचंही तिथूनच सुरू झालं होतं. आधी सलाईन, मग नळी, मग ते पांढरं पांघरूण, ज्याची घडी मावशींनीच आदल्या दिवशी लाँड्रीत घातलेली.

"मी जुन्या खोलीवर जाऊन येते. दारातलं पोतं असेल अजून," म्हणत लेकीनं चपला घातल्या.

दार लागलं. मावशी ट्रंकेकडे बघत बसल्या.

काही नाही, असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण ते धादांत खोटं होतं. ट्रंकेच्या तळाशी, एकात एक घातलेल्या दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, गाठ मारून ठेवलेला यजमानांचा खाकी स्वेटर होता. त्यांना इस्पितळात नेलं तेव्हा अंगात होता तोच. लाँड्रीतल्या बायका म्हणाल्या होत्या, "द्या मावशी, आम्ही धुऊन देतो." अख्ख्या इस्पितळाचे कपडे धुणाऱ्या मावशींनी तेवढा एकच कपडा कुणाला धुवू दिला नाही. तंबाखू, तेल, घाम, सगळं होतं तसं राहू दिलं. लेकीलाही पत्ता नव्हता. अगदीच जीव कासावीस झाला की गाठ सोडायची, नाक खुपसायचं आणि झटकन पुन्हा बांधायची. हल्ली तर त्या गाठीला हात लावायलाही भीत. उघडली आणि नुसती लोकरच हाताला लागली तर?

आणि ठमी एकदा त्यावर बसली, की केस काय, लाळ काय, मुताचाही भरवसा नाही. मग त्यात यजमान कुठले उरायला!

फोन वाजला.

"आई, इथं रंग चाललाय. पोतंबितं काही नाही गं. आपली खोली ओळखूसुद्धा येत नाही."

"बरं. ये तू."

मावशी पुन्हा वाकल्या. डोळे होते, पण अर्धवट मिटलेले.

"ठमे."

कानसुद्धा हलला नाही. तेव्हा मात्र मावशींचा धीर सुटला. "असं करू नको गं बाई. मी एकटीनं काय करायचं?" म्हणता म्हणता त्यांना रडू फुटलं.

तशाच उठून त्यांनी ट्रंक उघडली. गाठ बोटांना दाद देईना, दातांनी सोडवली. स्वेटर बाहेर काढला. ते होते. जरासेच, गळ्याच्या पट्टीशी आणि काखेत, पण होते. या खेपेला मावशींनी घाई केली नाही. पोटभर वास घेतला. मग जमिनीवर पालथं पडून त्यांनी स्वेटर पलंगाखाली जेवढा जाईल तेवढा आत सारला.

"घ्या, तुमची पोर आहे, तुम्हीच बघा आता," त्या म्हणाल्या.

बराच वेळ काही झालं नाही. मग अंधारात हुंगल्याचा आवाज आला. ठमीची मान पुढे आली, नाक बाहीला टेकलं आणि तिथंच राहिलं. मग एक पंजा, मग दुसरा. ती स्वेटर मळू लागली, कणीक मळावी तशी, नख्या लोकरीत रुतवून. कुठल्यातरी टाक्याचा धागा तट्कन तुटला. मावशींनी डोळे मिटून घेतले, पण हात पुढे केला नाही. थोड्या वेळानं घुर्रघुर्र सुरू झाली, आणि आणखी थोड्या वेळानं बशीचा आवाज.

लेक आली तेव्हा बशी चाटूनपुसून स्वच्छ झाली होती.

"खाल्लं? सगळं?" ती पलंगाखाली वाकली आणि तशीच थांबली. "आई... हा बाबांचा स्वेटर ना? तुझ्याकडे होता?"

"होता," मावशी म्हणाल्या.

त्यांनी रिकाम्या पिशव्या मांडीवर घेतल्या, तळव्यानं सुरकुत्या मोडल्या, इस्पितळाच्या चादरीसारखी टोकाला टोक जुळवून घडी घातली आणि ट्रंकेच्या तळाशी होत्या तिथंच ठेवून दिल्या.