डावखुरा सेट

शाळेत सोडून दिलेला गोल्फ कुलूपवाल्याने साठीत पुन्हा धरला आणि पहिल्या तासातच त्याची अब्रू गेली. मेला चेंडू जागचा हलेना. क्लबने त्याला एका निवृत्त दंतवैद्याच्या आणि बस चालवणाऱ्या एका बाईंच्या जोडीला दिलं होतं. दोघं बिचारे हसू दाबून उभे होते.

गुण लिहायला त्याने पेन उजव्या हातात धरलं, तेव्हा मात्र दंतवैद्याला राहवलं नाही. “अहो, तुम्ही तर उजवे! मग काठ्यांचा हा डावखुरा सेट कशाला? तोही इतका आखूड!”

“लेकीचा आहे,” कुलूपवाला म्हणाला. “ती डावखुरी होती. दर रविवारी मागे लागायची, बाबा, चला ना माझ्याबरोबर खेळायला. मी म्हणायचो, पुढच्या रविवारी नक्की.”

दंतवैद्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने उगाच चष्मा पुसायला घेतला.

“दादा, आम्हाला तिसरं माणूस हवंच होतं,” बाई हळूच म्हणाल्या. “पुढच्या रविवारी याल ना?”

कुलूपवाल्याने तोंड उघडलं. इतकी वर्षं सहज तोंडून जाणारं ते ‘नक्की’ आज त्याला म्हणवेना.

“उद्या नाही का जमणार?” त्याने विचारलं.