मी टेबल झालो नाही

मित्रांनो, मी एक जुना रबान आहे. पण ‘जुना’ हा शब्द जरा हळू म्हणा, कारण माझा आवाज अजून तुमच्यापेक्षा मोठा आहे. मी अर्धा फणस आणि अर्धी बकरी. फणसाच्या लाकडाचं रुंद कडं, त्यावर ताणून बसवलेलं कातडं, कडेला लाखेचे लाल-पिवळे पट्टे. गळ्यात अडकवायला जाल तर मान मोडून घ्याल, कारण मी आहे बैलगाडीच्या चाकाएवढा. मी बुटक्या तिवईवर ठाण मांडून बसतो आणि बायका माझ्याभोवती बसतात. आमच्या लंकेत मोठा रबान ही बायकांची मिरास. पुरुषांनी लांब उभं राहून ऐकायचं.

मला घरात आणलं एमिनोना नावाच्या खमक्या बाईनं. कारागिराच्या अंगणात मांडलेल्या प्रत्येक रबानावर थाप मारून तिनं नाक मुरडलं. मग माझ्यावर हात मारला आणि म्हणाली, “हा बोलतो.” मला इतका आनंद झाला, की घरी येईपर्यंत मी गाडीत आपोआपच घुमत होतो.

तिची सून यसवती लग्न होऊन आली, तेव्हा फार भित्री होती. बोटांच्या टोकांनी मला नुसती चाचपायची.

“अगं सूनबाई, हा रबान आहे, ताप आलेल्या पोराचं कपाळ नाही. हाण!” सासू ओरडायची.

यसवती हाणायला शिकली. अशी शिकली, की समुद्रावर गेलेले कोळी म्हणायचे, यसवती बसली वाटतं! आमच्या प्रत्येक ठेक्याला शब्द असतात, आणि ते बहुधा कुणाची तरी खोडी काढणारे असतात. सणाला कवुमचे गोड वडे तळले, की यसवती वाजवायची, “कुणाच्या घरी कवुम तळले? आमच्या घरी, आमच्या घरी! कुणाचे कवुम करपले? शेजारणीचे, शेजारणीचे!” शेजारीण गुणसीली समोरच बसलेली असायची. पुढच्या फेरीत ती सव्याज परतफेड करायची. रस्त्यानं जाणाऱ्या प्रवाशांच्या गाड्या थांबायच्या, गोरे पाहुणे फोटो काढायचे, आणि मी अंगभर फुगायचो.

एमिनोनानं जाताना सुनेला एकच गोष्ट बजावली. “साल फिरून नवं लागतं त्या घडीला हा गप्प राहता कामा नये. हा गप्प राहिला, की या घराचा आवाज गेला म्हणून समज.”

पुढं दिवस पालटले. यसवतीच्या मुलानं, रुवननं, घरामागं प्रवाशांसाठी खोल्या बांधल्या. एक भलामोठा स्पीकर आणला. बटण दाबलं की त्यातून रबान वाजायचा. न तापवता, न थकता, आणि खरं सांगतो, न हसता. मी पडवीत पडलो. माझ्यावर ओले टॉवेल वाळत पडायचे, लाटांवर खेळायच्या फळ्या मला टेकवून ठेवल्या जायच्या. एकदा तर कुणीतरी माझ्यावर अननस कापला. मित्रांनो, मला फार वाईट वाटलं.

शेवटी रुवन एक गोल काच घेऊन आला. “अम्मा, ही याच्यावर टाकली की झकास टेबल होईल. पाहुणे चहा पितील.”

“आधी तुझ्या टकलावर ठेव काच आणि तिथं पी चहा!”

“पण हा वाजतो कुठं आता? तुझे हात दुखतात, गुणसीली अक्काचे गुडघे दुखतात. या वेळी साल फिरताना वाजवून दाखव. वाजला तर राहील, नाही वाजला तर टेबल.”

यसवतीनं पदर खोचला. “ठरलं.”

नेमकं आदल्या संध्याकाळी वळवानं झोडपलं. पडवीची पन्हळ फुटली आणि पाण्याची धार थेट माझ्या पोटावर आली. तशी आमच्याकडे याची सवय आहे. खाली निखाऱ्यांचं मडकं ठेवलं की कातडं पुन्हा ताठ होतं. पण यसवती पडली नेमाची. सकाळी नोनगते लागायच्या आधी चूल विझली पाहिजे, म्हणून तिनं उठल्या उठल्या निखाऱ्यांवर पाणी ओतलं, राख भरली, चूल सारवली. मग निवांत येऊन माझ्यावर हात मारला.

थप्. ओल्या पिठावर हात पडावा तसा.

तिनं कपाळावर हात मारला. तोही माझ्यापेक्षा बरा वाजला! नोनगते लागलं होतं. जुनं साल गेलेलं, नवं आलेलं नाही. या मधल्या वेळात कुणी काम करत नाही, कुणी चूल पेटवत नाही. विहारात जावं, नाहीतर खेळावं. साऱ्या गावात एक निखारा उरला नव्हता, आणि नवं साल दुपारी लागणार होतं.

“काच पुसून ठेवू का?” रुवन दात काढत म्हणाला.

यसवतीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण गुणसीली कुंपणावरून बघत होती. ती म्हणाली, “अक्का, ऊन कुठं विझवलंय कुणी?”

“ए, याला उचलून उन्हात नेणं हे काम झालं!” रुवन ओरडला. “नोनगत्यात काम चालत नाही!”

“काम कोण करतंय?” गुणसीली लंगडत आत आली. “आम्ही खेळतोय. चाक-चाक.”

आणि त्या दोन म्हाताऱ्यांनी मला तिवईवरून उतरवून चाकासारखं उभं केलं आणि अंगणात गडगडवत नेलं! माडाची सावली सरकत आली, की पुन्हा खेळ. पुन्हा सावली, पुन्हा खेळ. दोघी घामाघूम झाल्या, हसून हसून खाली बसल्या. गल्लीतल्या बायका जमल्या, पाहुणेही खोल्यांतून बाहेर आले. माझं कातडं हळूहळू आखडत होतं. किती दिवसांनी मला मी असल्यासारखं वाटत होतं!

घडी जवळ आली. मी तिवईवर बसलो, बायका भोवती बसल्या. रुवननं हसत हसत स्पीकरकडे हात नेला.

“अंहं!” यसवतीनं बोट उगारलं. “बटण दाबणं हे काम आहे, बाळा. नोनगते आहे.”

“आणि तुम्ही बडवणार ते?”

“ते खेळणं!” सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या.

विहाराची घंटा झाली. यसवतीनं दोन्ही हात उचलले आणि हाणलं.

मित्रांनो, मी बोललो! असा बोललो, की माडावरचे कावळे उडाले. “कुणाच्या घरी टेबल झालं? कुणाच्याच नाही, कुणाच्याच नाही! कुणाची काच फुकट गेली? रुवनची हो, रुवनची!” खालच्या आळीतून दुसऱ्या रबानानं उत्तर दिलं, मग खाडीपलीकडून तिसऱ्यानं. रुवन टक्कल खाजवत लांब उभा होता; हसता हसता त्याचेही डोळे भरले होते. आजीचा शब्द त्यालाही माहीत होता.

पाहुण्यांचा चहा आजही पडवीतच होतो. काच वाया गेली नाही. ती त्या स्पीकरवर बसवली आहे.

म्हणून सांगतो, तुमच्या घरातही माझ्यासारखा कुणी कोपऱ्यात पडला असेल, तर त्याला काचेखाली ठेवून जपू नका. त्याला थोडं ऊन दाखवा, आणि मग न लाजता हाणा.