सातव्या खाटेवरचा रुग्ण

“आज काय उसवतेस?” हाताला सुया टोचून झाल्या, डायलिसिसचं मशीन घरघरायला लागलं, की नवरा हे विचारायचाच.

“तेच, कालचं,” म्हणत काकूने मांडीवर लॅपटॉप उघडला.

ऑफिसातली पोरं तिला काकू म्हणत. तिने लिहिलेला प्रोग्रॅम त्यांच्यातल्या निम्म्यांपेक्षा वयाने मोठा होता. आता तो मोडीत निघाला होता. सगळं नव्याने, ‘फंक्शनल’ म्हणतात त्या वेगळ्याच पद्धतीने लिहायचं ठरलं होतं. साहेबांसमोर ज्याला ते करून दाखवता येईल तो राहणार, बाकीच्यांना नारळ. काकूला खुर्चीचा सोस कधीच नव्हता. पण नवऱ्याचं हे मशीन कंपनीच्या विम्यावर चालत होतं. नोकरी गेली की महिनाअखेर विमा बंद, आणि पुढे काय, या विचाराशी आली की ती परत फिरायची.

म्हणून उतारवयात पाटी-पेन्सिल हातात घेतली. पुस्तकांनी नाकी नऊ आणले. शेवटी टीमचा लीडर, लेकाच्या वयाचा, तिला म्हणाला, “काकू, वाचून नाही येत हे. चालतं अ‍ॅप घ्या. उघडा, मोडा, परत जोडा.” त्याने शिकाऊंसाठी बनवलेली तीन नमुना अ‍ॅप्स दिली. एक गाड्यांच्या पार्किंगचं, एक पुस्तकांच्या दुकानाचं, आणि एक इस्पितळातल्या खाटांचं. काकूने खाटा उचलल्या. म्हणाली, निदान तेवढं तरी आपल्याला पाठ आहे.

नवऱ्याला ही पद्धत लगेच पटली. तो जन्माचा शिंपी. “मी तसाच शिकलो की! उस्ताद शिवायला द्यायचाच नाही. तयार कोट पुढ्यात टाकायचा आणि म्हणायचा, उसव. उसवताना कळतं गं, कॉलर कशी बसवलीय ते.”

“इथे उसवून दुरुस्त करायला बंदी आहे.”

“म्हणजे?”

“एकदा केलेली यादी बदलायचीच नाही. पेशंट घरी गेला तर नाव खोडायचं नाही. त्याला वगळून नवी यादी करायची. जुनी आहे तशी राहते.”

“म्हणजे बाही घट्ट झाली की अख्खा नवा सदरा?”

“अख्खा नवा.”

“धंदा बसेल तुमचा! आणि जुन्याचं काय?”

“कोणी धरून ठेवलाय तोवर राहतो. मग जातो.”

नळीतून फिरणाऱ्या आपल्याच रक्ताकडे तो थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “मला घाल त्या यादीत. परक्या नावांत काय राम आहे? सातवी खाट दे. इथेही सातच आहे माझी.”

तिने घातलं.

हळूहळू तिला ते जमायला लागलं, आणि गंमत म्हणजे आवडायलाही लागलं. पाठीमागे कोणी काही बदलू शकत नाही, ही गोष्टच तिला सुखाची वाटे. घरात रोज काही ना काही बदलत होतं. नवऱ्याची भूक, पायांवरची सूज, जिना चढताना लागणारी धाप. यादीतला तो मात्र सातव्या खाटेवर ठणठणीत होता.

परीक्षेच्या दिवशी मोठे साहेब आणि बाहेरून आलेले दोघे समोर बसले. लीडर कोपऱ्यात, मध्ये बोलायचं नाही अशी त्याला तंबी होती. काकूने नवा पेशंट भरती केला, एकाची खाट बदलली. सगळं सुतासारखं सरळ चाललं.

“आता एकाला घरी सोडून दाखवा,” साहेब म्हणाले. “तो सातवा आहे ना, तो.”

नवऱ्याचं नाव काढायचं राहूनच गेलं होतं. काकूने तिथल्या तिथे ओळ लिहिली आणि चालवली. पडद्यावर सातव्या खाटेपुढे नाव तसंच होतं.

खरं सांगायचं तर क्षणभर तिला बरंच वाटलं. मग समोर साहेब बसलेत याचं भान आलं.

चूक एवढीशी. जुन्या पद्धतीत ‘काढ’ म्हटलं की यादीतलं नाव जायचं, विषय संपायचा. इथे ‘काढ’ म्हटलं की नवी यादी हातात येते, ती आपण धरायची असते. काकूने ती धरलीच नाही आणि जुनीच दाखवली. जित्याची खोड! तरीही हे निस्तरलं असतं. पण जन्मभर असं काही झालं की काकू एकच प्रश्न विचारत आली होती, माझ्या यादीला मागच्या मागे कोण हात लावतंय? तशी ती चोर शोधायला निघाली. ज्या घरात चोर शिरूच शकत नाही, त्या घराची एकेक खोली तपासत सुटली. काखेत कळसा नि गावाला वळसा. कोपऱ्यातला लीडर नुसता तळमळत होता.

“राहू द्या, मॅडम,” साहेब शेवटी मऊपणाने म्हणाले. तो मऊपणाच तिला जास्त लागला.

लीडर बाहेर मागोमाग धावत आला. “काकू, नवी यादी...”

“धरली नाही. दाराबाहेर पाऊल टाकलं आणि कळलं रे.”

“मी बोलतो साहेबांशी.”

“बोल हं,” ती म्हणाली. बोलून काही होणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. कंपनीने लॅपटॉप त्याच दिवशी जमा करून घेतला.

पुढच्या डायलिसिसला सिस्टरने नेहमीसारखं विम्याचं कार्ड मागितलं. काकूने दिलं. अजून चालत होतं.

सुया टोचून झाल्या. “आज काय...” म्हणता म्हणता नवऱ्याची नजर तिच्या रिकाम्या मांडीवर गेली, आणि तो थांबला.

“तुम्हाला घरी सोडलं,” ती म्हणाली, “पण तुम्ही खाट सोडाल तर शपथ. सगळ्यांसमोर तिथेच.”

तो इतका हसला की मशीन ओरडायला लागलं आणि सिस्टर रागावून गेली. “शिंप्याचा टाका आहे, असा निघतो होय?” हसू ओसरल्यावर मशीनकडे मान वळवून त्याने हळूच विचारलं, “मग आता याचं कसं?”

“बघू.”

“बघू म्हणजे?”

“अहो, बघू म्हटलं ना.”

काकूच्या बोटांना काही काम नव्हतं, ती उगीच मांडीवरच्या कापडाची सुरकुती सारखी करत बसली. त्याने सुया नसलेला हात अंगावरून ओढून आणला आणि तिच्या मांडीवर ठेवला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, आणि मशीन बंद होईपर्यंत सोडला नाही.