मिटून धरलेले पुस्तक

सार्वजनिक वाचनालयाच्या मागील अंगास, जिन्याखालच्या खोलीत, फाटक्या पुस्तकांची डागडुजी करणारा एक बाइंडर बसत असे. शिक्षण बेताचेच, परंतु मुलांसाठी पुस्तक निवडण्याची त्याची स्वतःची अशी एक रीत होती. जे पुस्तक पुनःपुन्हा फाटून येते, तेच मुलांच्या जिवाभावाचे, असे तो मानी. कपाटातील कोऱ्या करकरीत पुस्तकांकडे बोट दाखवून म्हणे, ही पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबश्यांसारखी. दिसायला छान, पण त्यांतून चहा कोणी पीत नाही. पुस्तके वाचतोस का असे कोणी विचारल्यास, शिंप्याने काय प्रत्येक शर्ट अंगात घालून पाहायचा, असे उलट विचारी.

त्या वर्षी त्याची बहीण आजारपणात निवर्तली आणि तिची एकुलती एक मुलगी मामाकडे राहावयास आली. साखरेच्या डब्याभोवती घुटमळते म्हणून आई तिला मुंगी म्हणे, आणि तेच नाव घरात रूढ झाले होते. परंतु आता मुंगीच्या तोंडाला जणू कुलूप लागले होते. आई गेल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. ताटातले चिवडावे आणि खिडकीशी जाऊन बसावे, एवढाच तिचा दिनक्रम. डॉक्टर म्हणाले, हिचे मन रमेल असे काहीतरी द्या. आता मामाजवळ पुस्तकांखेरीज होते तरी काय?

त्याने समुद्रसफरींचे पुस्तक आणले, प्राण्यांचे आणले, विनोदाचे आणले. मुंगीने पाने उलटली, परंतु चालत्या गाडीतून रस्ता पाहावा तशी. अखेरीस त्याने आपल्या रीतीनुसार सर्वांत श्रेष्ठ ठरणारे पुस्तक काढले. ते तपकिरी बांधणीचे होते आणि त्याचे नाव पुसून गेले होते. दरवर्षी ते पाठ उसवून त्याच्याकडे येई व दरवर्षी तो ते नव्याने शिवी.

"ह्याच्याइतकं फाटलेलं पुस्तक माझ्या हातून गेलेलं नाही," तो म्हणाला. "तुला नक्की आवडेल."

आणि खरोखरच चमत्कार घडला. आठवडाभरात मुंगी पोटभर जेवू लागली, गुणगुणू लागली. मामीच्या जिवात जीव आला. दुपारी दाराआडून मुंगीचा बारीक आवाज ऐकू येई, तेव्हा पोर मोठ्याने वाचते आहे अशी मामाची समजूत झाली. परंतु एकदा त्याने दाराशी थांबून ऐकले. ती थोडे बोले, गप्प राही, आणि कोणी काही विचारल्यासारखी पुन्हा बोलू लागे. कोणाशी गप्पा चालल्या आहेत, असे त्याने थट्टेने विचारले.

"मामा, हे वाचावं लागत नाही," ती म्हणाली. "ते विचारतं, मी सांगते."

"काय विचारतं?"

"'आणखी?' एवढंच."

मामा हसला, परंतु त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्याच सायंकाळी त्याने "मुंगी, दूध घे" अशी हाक मारली, तेव्हा तिने आपल्या मागे वळून पाहिले. जणू ती हाक दुसऱ्या कोणासाठी असावी. पुढे भिंतीवरील आईच्या फोटोसमोर ती थांबली आणि एखाद्या पाहुणीविषयी विचारावे तशा सभ्य स्वरात म्हणाली, "मामी, ह्या बाई कोण?"

मामीच्या हातातील पळी तशीच राहिली. मुंगी मात्र उड्या मारीत अंगणात गेली.

दुसऱ्या दिवशी मुंगी शाळेत गेल्यावर मामाने ते पुस्तक कामाच्या पाटावर घेतले. नुकतीच घातलेली शिवण पुन्हा उसवली होती. आतील पानांवर बोटाचा एकही डाग नव्हता, एकही कोपरा दुमडलेला नव्हता. झिजले होते ते फक्त वरचे व खालचे पुठ्ठे, तेही उघडण्याच्या कडेशी. आणि त्या झिजेला लहान अंगठ्यांचा आकार होता. त्याने आपले हात त्या खळग्यांवर ठेवून पाहिले. सारे बळ एकवटून पुस्तक मिटून धरले, तरच हात तेथे पडत होते. मुलांनी ते वाचून झिजवले नव्हते, उघडू नये म्हणून मिटून धरता धरता झिजवले होते. आणि पाठ काही ओढाताणीने फाटत नव्हती. ती आतून फुगून फुटत होती.

शेवटी सोळा पानांची एक नवी जुडी होती, जिला धंद्यात फर्मा म्हणतात. ती त्याने शिवलेली नव्हती. दोऱ्याची गाठ त्याच्या हातची नव्हती. त्याने वाचले: "वेणी घालताना आई पिना ओठांत धरते, म्हणून तिचं बोलणं दातांतून येतं. मान सरळ ठेव, मुंगी, म्हणते." पुढे आईच्या भेगाळलेल्या टाचा होत्या, फुंकर घालून तिने आधी चाखलेले दूध होते, दिवा मालवताना "आधी तुझे डोळे, मग माझे" म्हणणे होते. अखेरीस एकच शब्द छापलेला होता, "आणखी?", आणि त्याखाली कोरा कागद.

त्याने मामीला सर्व सांगितले. तिने मुंगीचे चाटूनपुसून खाल्लेले ताट उचलले. मग म्हणाली, "पोर जेवतंय, हसतंय. तिचं दुःख परत आणून काय मिळवणार आहात तुम्ही?"

तिचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु बहीण एकदा मेली होती, आणि आता ती दुसऱ्यांदा मरत होती, तेही त्याने शिफारस केलेल्या पुस्तकात. त्याने दोरा कापला. फर्मा सुटताना कागद त्याच्या हाताला तापकरी मुलाच्या कपाळासारखा ऊन लागला. त्याने तो स्वतंत्र शिवला आणि त्यावर निळे कापड चढवले.

सायंकाळी ते पातळसे पुस्तक त्याने मुंगीपुढे ठेवले.

"आवडेल मला?" तिने विचारले.

जन्मभर त्याने याला 'नक्की आवडेल' असेच उत्तर दिले होते. "माहीत नाही," तो म्हणाला. "पण ते तुझं आहे."

"हे वाचावं लागेल?"

"हो. हे वाचावंच लागेल."

तिने ओळीखाली बोट धरून वाचावयास आरंभ केला. पहिल्या पानाच्या मध्यावर तिचे बोट थांबले. दुसरा हात हळूहळू मागे स्वतःच्या वेणीकडे गेला. मग तिच्या घशातून असा काही आवाज निघाला की मामी ओल्या हातांनीच धावत आली. मुंगी तिच्या कुशीत शिरून हमसाहमशी रडली, आणि रडता रडताच म्हणाली, "मामी, मला मुंगी म्हण."

ते तपकिरी पुस्तक मामाने पुन्हा वाचनालयात दिले नाही. आतील इतर फर्मे कोणत्या मुलांचे, हे कळण्यास मार्ग नव्हता. त्यांत कोणाचे आजोबा होते, कोणाचा लंगडा कुत्रा होता, कोणाचे आधीचे घर होते; पत्ता कोणाचाच नव्हता. ते त्याने पुस्तके दाबून ठेवण्याच्या शिकंज्यात घालून स्क्रू घट्ट आवळला आहे. रोज सकाळी तो स्क्रू आपोआप थोडा सैल झालेला असतो.

परवा ग्रंथपालबाई जिन्याखाली डोकावल्या. त्यांनी सांगितले की एक मूल त्या पुस्तकाची फार चौकशी करते, आणि मुलांना इतके आवडणारे पुस्तक असे अडकवून ठेवणे बरे नव्हे.

"पाठीला लावलेला सरस अजून वाळला नाही, बाई," मामा म्हणाला, आणि त्याने दोन्ही हातांनी स्क्रू आवळला.